झाकू

मे महिन्याच्या सुट्टीत भाचा आठ दिवस आमच्याकडे पुण्याला राहायला आला होता. वय वर्षे बारा, आणि हाताला सतत काहीतरी चाळा लागणारा. येताना त्याने वाढदिवसाला मिळालेला एक खोका बरोबर आणला होता. त्यातून निघालेल्या हिरव्या प्लास्टिकच्या जाळ्या त्याने जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून ओळीने मांडल्या. जाळीत अडकलेला एकेक भाग तो नेलकटरने सोडवत होता, कापल्या जागी उरलेले टोक बोटाने चाचपून घासत होता, आणि एक भाग दुसऱ्यात दाबून बसवला की ‘टक्’ असा जो आवाज होई, तो ऐकून दर वेळी मान हलवत होता. डोळ्यांवर चिकटवायचे कागद उडून जातात म्हणून पंखा बंद. दोन दुपारी घामाघूम होऊन त्याने जे उभे केले, ते एका डोळ्याचे, तोंडाशी नळी असलेले, एका खांद्यावर ढाल आणि दुसऱ्यावर काटे मिरवणारे हिरवे धूड होते. ‘मोबाइल सूट गंडम’ या जपानी मालिकेत शत्रुपक्षाकडे असलेला हा यंत्रमानव. त्याचे नाव झाकू. मराठी कानाला हे नाव फार अर्थपूर्ण वाटते, असे मी त्याला म्हणालो. पण त्याला त्यात काही गंमत वाटली नाही. तो झाकूची छाती नखाने उघडून पाहण्याचा प्रयत्न करत होता. ती उघडत नव्हती. मग त्याने सूचनांचा कागद उलटसुलट करून पाहिला, रिकाम्या जाळ्या पुन्हा तपासल्या आणि तक्रारीच्या सुरात म्हणाला, “मामा, इतकं सगळं दिलंय, पण आत बसणारा माणूसच दिला नाही.”

मी त्याला त्रैराशिक मांडून दाखवले. मालिकेतला झाकू साडेसतरा मीटर उंच. खेळणे त्याच्या एकशेचव्वेचाळिसाव्या भागाएवढे, म्हणजे साधारण बारा सेंटिमीटर. त्याच हिशोबाने आतला माणूस उभा राहिला तर बारा मिलिमीटर आणि खुर्चीत बसला तर जेमतेम नऊ. “म्हणजे शेंगदाण्याएवढा,” मी म्हणालो. “एवढ्या पैशांत शेंगदाण्याला नाक-डोळे कोण काढून देणार?” तो हसला आणि विषय संपला. माझ्यापुरता मात्र तो संपला नाही, कारण ज्या मालिकेतून ते खेळणे जन्माला आले, तिने सगळी धडपड केली होती ती याच शेंगदाण्यासाठी. खेळणे घरोघर पोहोचले, शेंगदाणा मात्र वाटेत गळून पडला.

ही मालिका मी पहिल्यांदा पाहिली ती तिशीच्या उंबरठ्यावर, एका मित्राने हार्ड डिस्कवर भरून दिलेली, इंग्रजी उपशीर्षके वाचत. त्या वेळी तिच्यातले पुष्कळसे चित्रांच्या जुनाटपणावर हसण्यात निसटून गेले होते. भाचा परत गेल्यावर जूनच्या रात्रींत मी त्रेचाळीसच्या त्रेचाळीस भाग पुन्हा पाहिले. बाहेर पाऊस, आत पडद्यावर अवकाशाचा काळोख. बऱ्या-वाईटाचा हिशोब मांडायच्या इराद्यानेच मी बसलो होतो. हिशोब मांडून झाला, पण तो जुळत नाही, आणि तो का जुळत नाही हेच सांगावेसे वाटते.

एप्रिल १९७९ पासून नागोया टीव्हीवर शनिवारी संध्याकाळी साडेपाचला ही मालिका लागत असे. वेळ मुलांची, जाहिरातदार खेळण्यांची कंपनी, आणि तोवरचा रिवाज असा की दर आठवड्याला एक नवा राक्षस यावा, यंत्रमानवाने त्याला लोळवावे आणि मुलांनी आईकडे तेच खेळणे मागावे. सुरुवातीचे गाणेही त्याच चालीचे, छाती फुगवून म्हणावे असे. पण कथेचा निवेदक पहिल्याच मिनिटाला शांत आवाजात काय सांगतो? माणसे अवकाशात वसाहती करून राहू लागली आहेत. पृथ्वीपासून सर्वांत दूर असलेल्या वसाहतींनी झिऑन या नावाने स्वातंत्र्य पुकारून पृथ्वीच्या महासंघाशी युद्ध मांडले आहे. आणि एका महिन्याभरात दोन्ही बाजू मिळून निम्मी माणसे मेली आहेत. आपण काय केले हे पाहून माणसांना स्वतःचीच भीती वाटली, असेही तो जाता जाता सांगतो. आता युद्ध आठ महिने रेंगाळले आहे. म्हणजे सगळ्यात भयंकर ते कथा सुरू होण्याआधीच घडून गेले आहे. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो १९४१चा, युद्ध संपले तेव्हा चार वर्षांचाही नसलेला. त्या पिढीला युद्ध आठवत नसेल, पण ज्यात निम्मे संपून गेले आहे अशा जगात चालायला शिकणे म्हणजे काय, हे तिच्या अंगात भिनलेले असणार, असे तो आरंभ पाहताना मला सारखे वाटत राहते.

पहिल्या भागाविषयी सविस्तर लिहायला हवे, कारण साऱ्या मालिकेचे बीज तिथे आहे. आमुरो नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा, बनियनवर बसून यंत्रे खोलणारा, जेवणाची शुद्ध नसलेला. तीन झाकू त्याच्या वसाहतीची टेहळणी करायला येतात. हुकूम फक्त पाहणीचा आहे, पण त्यातल्या एका नवख्या सैनिकाला बढतीची घाई झाली आहे आणि तो गोळ्या झाडू लागतो. आमुरोची शेजारीण फ्राउ हिची आई आणि आजोबा तिच्या डोळ्यांसमोर मरतात. आमुरो धावत जाऊन महासंघाच्या नव्या यंत्रमानवात, म्हणजे गंडममध्ये, चढतो आणि मांडीवर माहितीपुस्तिका उघडून तो चालवू लागतो. पळून जाणाऱ्या पहिल्या झाकूला तो मागून चिरतो. इथपर्यंत सगळे रिवाजाप्रमाणेच आहे. पण झाकू फुटतो तेव्हा त्याच्या आतली अणुभट्टी फुटते, वसाहतीच्या भिंतीला भगदाड पडते आणि आतल्या हवेबरोबर माणसे बाहेरच्या पोकळीत ओढली जातात. त्यांत आमुरोचा स्वतःचा बापही असतो. विजयाचा पहिलाच घाव घरावर पडतो, आणि मुलाला त्याचा पत्ताही नसतो.

मग दुसरा झाकू अंगावर येतो. आता तो फुटून चालणार नाही. तेव्हा हा मुलगा स्वतःशीच विचारतो, फक्त माणूस बसतो तेवढ्याच जागेवर नेम धरता येईल का?

येतो.

झाकू फुटत नाही. अखंड, जवळजवळ न खरचटलेला, नुसता गुडघ्यांतून खाली जातो. माझ्या मते मुलांच्या मालिकांच्या इतिहासात यापेक्षा भयंकर क्षण फार थोडे असतील, आणि तो कोणतेही भीतिदायक संगीत न देता, एखादे गणित सुटावे तसा दाखवला आहे. रिवाजानुसार यंत्र फोडणे म्हणजे जिंकणे. आत कोण आहे हे पाहायचे कारणच नसते. इथे वसाहत वाचवायची असेल तर यंत्र वाचवून माणूस मारावा लागतो. नायकाने केलेली ही पहिली जाणतेपणाची हत्या आहे, आणि ती शहाणपणाची, गरजेची, सगळ्यांच्या भल्याची आहे. म्हणूनच ती मनातून जात नाही.

मी दहा वर्षांचा असताना, १९९१च्या जानेवारीत, आखाती युद्धाची दृश्ये दूरदर्शनच्या बातम्यांत पाहिली होती. करड्या पडद्यावर एक इमारत, तिच्या मधोमध फुली, मग पडदा पांढरा. वाड्यातले सगळे आमच्या खोलीत जमलेले. कोणीतरी म्हणाले, काय नेम आहे! मलाही तेच वाटले होते. त्या इमारतीत रात्रीची पाळी करणारा कोणी असेल, त्याचा डबा खिडकीत ठेवलेला असेल, असे मनात येण्याची सोयच त्या चित्रात नव्हती. तोमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही सोय काढून घेतली नाही, उलट ती मुद्दाम निर्माण केली. मालिकेत मिनोव्स्की कण नावाचे काहीतरी आहे, जे हवेत पसरले की रडार आंधळे होते आणि दुरून नेम धरणारी शस्त्रे निकामी होतात. वरवर पाहता हा पटकथेचा कावा आहे. अठरा मीटरच्या यंत्रमानवांनी तलवारी घेऊन का लढावे याला काहीतरी सबब हवीच. पण त्याचा परिणाम असा होतो की मारण्यासाठी जवळ जावे लागते, आणि जवळ गेले की कधी ना कधी समोरचा दिसतो.

दिसतो म्हणजे किती परींनी दिसतो! एका भागात झिऑनचे काही पोरसवदा सैनिक गंडमच्या अंगावर वेळेचे बॉम्ब चिकटवून जातात आणि दूर बसून दुर्बिणीतून पाहतात की तो मुलगा एकटा एकेक बॉम्ब काढून फेकतो आहे. सगळे निघाल्यावर ते गावकऱ्यांचा वेष करून त्याला जवळून पाहायला येतात, आणि जाताना त्याला शुभेच्छा देऊन जातात. दुसऱ्या एका भागात, आमुरो आणि वसाहतीतले निर्वासित ज्या युद्धजहाजातून पळत आहेत, त्यातून उतरलेली एक निर्वासित बाई लहानग्याला घेऊन आपल्या गावाकडे चालत निघते. टेहळणीवरचा शत्रूचा सैनिक तिच्यासाठी विमानातून खाण्यापिण्याची पेटी टाकतो, आणि शेवटी तिला समजते की ती ज्या उजाड मातीवर उभी आहे, तेच तिचे गाव होते. मिहारू नावाची मुलगी दोन धाकट्या भावंडांचे पोट भरण्यासाठी हेरगिरी करते आणि आपण दिलेल्या बातमीने लहान मुलेच मरणार आहेत हे जहाजावर चढल्यावर तिला कळते. यांच्यापैकी कोणीही कथेला पुढे ढकलत नाही. ही माणसे वगळली तरी युद्धाचा निकाल तोच लागला असता. चोख आखणीच्या हल्लीच्या मालिकांच्या सवयीने पाहिले तर हे भाग भरताड वाटतील. मला उलट वाटते की मालिका या भागांसाठी आहे आणि निकाल हेच भरताड आहे.

तेराव्या भागात आमुरो आईला भेटतो. तो बापाबरोबर अवकाशात गेला, ती पृथ्वीवर राहिली. मधे बरीच वर्षे गेलेली. निर्वासितांच्या छावणीत ती सेवा करते आहे. शत्रूचे सैनिक तपासणीला येतात, तेव्हा आमुरो आजाऱ्याचे सोंग घेऊन खाटेवर पडतो, आणि एकाने पांघरूण उचलण्याआधीच पांघरुणाखालून गोळी झाडतो. आई किंचाळते. त्या माणसालाही घरदार असेल रे, असे ती म्हणते. मुलगा म्हणतो, हे युद्ध आहे. आईला आपला मुलगा सापडला आहे आणि तोच हरवलाही आहे. निघताना तो तिला सैनिकी सलाम ठोकतो, आणि ती गुडघ्यांवर कोसळते. हा भाग मी माझ्या बहिणीबरोबर, म्हणजे भाच्याच्या आईबरोबर पाहिला; ती मध्येच एका रात्रीपुरती आली होती. मला आईचा राग आला होता. मुलगा जिवंत सापडला यापुढे बाकी सगळे क्षुल्लक नव्हे का, असे मी म्हणालो. बहीण बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “जिवंत सापडला म्हणूनच ती ओरडू शकली ना.” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते आणि आजही नाही. मालिका स्वतः कोणाची बाजू घेते हेही त्या भागात कळत नाही. कॅमेरा आईकडे थांबतो आणि कथा मुलाबरोबर निघून जाते.

पण मला सर्वांत जवळचा वाटतो तो राम्बा राल. पोट सुटलेला, मिशाळ, मध्यमवयीन लढवय्या. बरोबर त्याची जोडीदारीण हामोन. वाळवंटातल्या एका खाणावळीत आमुरो एकटाच बसला आहे. जहाजातल्या लोकांवर रुसून तो गंडमसकट पळून आला आहे, अगदी पंधराव्या वर्षी रुसावे तसा. तेवढ्यात राल आणि त्याची माणसे धुळीने माखून आत येतात. हामोन सगळ्यांच्या जेवणाचे पैसे देऊ करते, त्यांत कोपऱ्यातल्या या अनोळखी मुलाचेही. मुलगा म्हणतो, मी भिकारी नाही, फुकटचे खायला मला काही कारण नाही. राल मोठ्याने हसतो. पोरगा त्याला आवडतो. पुढे त्याला समजते की हा शत्रूचा आहे आणि झग्याखाली त्याच्या हातात पिस्तूल आहे. तरीही तो त्याला जाऊ देतो. थोड्याच वेळाने दोघे आपापल्या यंत्रांत बसून एकमेकांवर तुटून पडतात, आणि झटापटीत दोन्ही यंत्रांची छाती फाटते. फाटलेल्या पत्र्यातून दोघे एकमेकांना पाहतात. खाणावळीतला तो पोरगा! खाणावळीतला तो माणूस! हरलेला राल जाता जाता त्याला बजावतो, की तू स्वतःच्या बळावर जिंकला नाहीस, त्या यंत्राच्या करामतीने जिंकलास, हे विसरू नकोस.

हे वाक्य मुलाला गोळीपेक्षा जास्त लागते. पुढच्याच भागात राल माणसे घेऊन जहाजात शिरतो, तिथे त्याला आपल्या जुन्या धन्याची मुलगी शत्रूच्या गणवेशात उभी दिसते, आणि त्या एका क्षणाच्या थबकण्याने त्याचा घात होतो. तो हातबॉम्ब छातीशी धरून जहाजावरून उडी मारतो. खाली उभ्या असलेल्या गंडमने पुढे केलेल्या तळहातावर तो पडतो आणि फुटतो. म्हणजे आमुरोने ज्याच्यावर मात करण्याची आस धरली, तो अखेर यंत्राबाहेरच, नुसत्या देहाने, त्याच्या हातात येऊन संपतो. पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा मी पंचविशीतला नव्हतो आणि रालच्या वयाचाही नव्हतो. आता त्याच्या वयाच्या पुढे गेलो आहे, आणि मला त्या मरणापेक्षा खाणावळीतले ते हसणे जास्त त्रास देते.

आता दोष. ते पुष्कळ आहेत आणि प्रेमापोटी झाकू नयेत. चित्रांचा दर्जा भागागणिक खालीवर होतो. पात्रांचे रेखाटन करणारे योशिकाझू यासुहिको मालिका अर्ध्याच्या पुढे गेल्यावर आजारी पडून रुग्णालयात गेले, आणि ते नसल्याचे शेवटच्या भागांतल्या चेहऱ्यांवर दिसते. पंधरावा भाग, युद्ध सोडून अनाथ मुलांना सांभाळणाऱ्या सैनिकाचा, आशयाने मोलाचा. पण चित्रे इतकी वेडीवाकडी की तोमिनोंनी तो परदेशी आवृत्तीतून वगळायला लावला. पुढे २०२२मध्ये यासुहिकोंनी त्याच कथेवर अख्खा चित्रपट केला, हे एखादे जुने देणे फेडावे तसे वाटते. जहाजाचा तरुण कप्तान ब्राइट आमुरोला थोबाडीत मारतो आणि कथा त्याला जवळजवळ शाबासकी देते, हे आज पाहवत नाही. मालिकेच्या मध्यानंतर गंडमला जोडायचे नवे उडते भाग येतात, आणि त्यांचे जोडणे-सुटणे इतक्या वेळा दाखवले जाते की पडद्यावर दुकानाची काच दिसू लागते. ते जाहिरातदाराच्या आग्रहाने आले होते. पुढे याच मालिकेचे चित्रपट करताना तोमिनोंनी ते काढूनच टाकले.

खेळण्यांचा हा व्यवहारच सगळा विचित्र आहे. बावन्न भागांची आखणी असलेली मालिका प्रेक्षक आणि विक्री दोन्ही कमी म्हणून त्रेचाळीसवर, जानेवारी १९८० मध्ये, आवरती घ्यावी लागली. मग जुलै १९८० मध्ये बांदाई कंपनीने तीनशे येनची जोडायची प्रतिकृती बाजारात आणली, पुनःप्रक्षेपणे सुरू होती, आणि बघता बघता दुकानांपुढे मुलांच्या रांगा लागल्या. आज पंचेचाळीस वर्षांनी जे उभे आहे ते त्या प्लास्टिकच्या पायांवर. योकोहामाच्या बंदरात अठरा मीटरचा हलणारा गंडम २०२० ते २०२४ असा उभा होता. युद्धाने माणसाचे काय होते हे सांगणारी कथा युद्धयंत्रे विकून जगली, असे म्हणून नाक मुरडणे सोपे आहे. पण खरे सांगायचे तर तलवारीची गुलाबी पाती उजळून निघाली की माझ्याही पाठीतून शिरशिरी जाते. मालिकेतली यंत्रे रेखाटणाऱ्या कुनिओ ओकावारांचा तो झाकू देखणा आहे असे मानतो. झिऑनचा राजपुत्र गिहरेन भावाच्या अंत्यविधीत जे भाषण करतो, ते हुकूमशहाच्या भाषणाचे विडंबन आहे हे स्पष्टच आहे. त्याचा बापच पुढे त्याला हिटलरची शेपटी म्हणतो. तरीही लाखोंच्या घोषणा घुमतात तेव्हा माझे बोट खुर्चीच्या हातावर ताल धरून होते, हे माझ्या लक्षात आले. मालिका हे सगळे जाणून करते की तिच्या हातून निसटते? मला वाटते दोन्ही. पुढच्या भागाची झलक संपताना निवेदक दर आठवड्याला प्रेक्षकालाच विचारतो, तू जिवंत राहू शकशील का? शनिवारी संध्याकाळी, चहाच्या वेळी, खेळण्याच्या जाहिरातीच्या अलीकडे-पलीकडे.

लालाबद्दल लिहिणे मी टाळत होतो. आपल्याकडे लाला म्हटले की पेढीवर बसलेला गृहस्थ डोळ्यांपुढे येतो. इथे ती एक सावळी मुलगी आहे, पिवळा झगा, केस दोन बाजूंना बांधलेले, आणि भुवयांच्या मध्ये टिकली. त्या टिकलीवर माझी नजर अडली. ती कुठली, तिची भाषा कोणती, तिच्या घरी कोण होते, हे मालिका सांगत नाही; झिऑनच्या शार नावाच्या देखण्या, मुखवटा घालणाऱ्या अधिकाऱ्याने तिला कुठून तरी उचलून आणली आहे, आणि ती त्याचे उपकार मानते, एवढेच. एका तळ्याकाठी पाऊस पडत असताना आमुरो तिला पहिल्यांदा पाहतो. एक हंस उडता उडता खाली येऊन पाण्यात मरतो, आणि ती म्हणते, सुंदर गोष्ट म्हातारी होऊन मरताना पाहणे दुःखाचे नाही का? पुढे युद्धात दोघे समोरासमोर येतात. दोघांचीही मने यंत्रांचे पत्रे ओलांडून थेट एकमेकांना ऐकू शकतात. मालिका अशा माणसांना न्यूटाइप म्हणते. लाला विचारते, तुला ना घर, ना जपायला माणूस, मग तू का लढतोस? मालिकेने त्रेचाळीस भागांत विचारलेला सर्वांत खरा प्रश्न तिच्या तोंडी आहे. आणि उत्तर मिळायच्या आत ती शारच्या पुढे येते आणि आमुरोच्या वाराने मरते.

इथे माझे दोन भाग होतात. ज्या मालिकेने सतत आतला माणूस दाखवायचा प्रयत्न केला, तिने या एका प्रसंगात तो अक्षरशः उघडा करून दाखवला. पत्रा नाही, चेहराही नाही, नुसते मन. आणि त्या मनाला कळूनसुद्धा हात थांबला नाही. समोरचा माणूस नीट समजला की माणूस मारणार नाही, ही भाबडी आशा मालिकेने स्वतःच वाढवली आणि स्वतःच मोडली. याहून प्रामाणिक काय असेल? पण त्याच वेळी, माझ्यातला टिकली ओळखणारा प्रेक्षक अस्वस्थ होतो. सावळी, अनाथ, उपकृत मुलगी. दोन तरुणांच्या मधे येऊन मरायचे, आणि नंतर आयुष्यभर त्यांच्या आठवणीत सुंदर दिसत राहायचे, एवढेच तिच्या वाट्याला आले आहे. खाणावळीतल्या रालला जेवढी भूक, जेवढी धूळ मिळाली, तेवढीही तिला मिळाली नाही. ती जेवताना दिसल्याचे मला आठवत नाही. आतला माणूस दाखवण्याचा हट्ट धरणाऱ्यांनाही एक माणूस आतून रिकामाच ठेवावा लागला, की रिकामा आहे हे त्यांच्या ध्यानातच आले नाही? दुसऱ्यांदा पाहूनही मला हा प्रसंग माफ करता आला नाही, आणि विसरताही आला नाही.

शेवटच्या भागात गंडमचे डोके उडते, एक हात जातो. आमुरो आणि शार यंत्रांतून बाहेर पडतात आणि साध्या तलवारींनी लढत राहतात, जणू यंत्रांना कधी दोष द्यायलाच नको होता. मग झिऑनच्या आगीने वेढलेल्या अवकाशातल्या किल्ल्यातून सुटण्यासाठी आमुरो गंडमच्या छातीतले छोटे विमान तेवढे घेऊन निघतो. बाहेर एका होडीसारख्या यानात त्याची माणसे जमलेली आहेत. लहान मुलांना तो कुठून येणार ते आधीच जाणवते आणि ती तीन, दोन, एक असे मोजत त्या दिशेला बोट दाखवतात. परत जायला जागा आहे याहून मोठे सुख नाही, असे तो मनोमन लालाला सांगतो, विमानाबाहेर येतो आणि पसरलेल्या हातांकडे तरंगत जातो. मागे ते विमान काळोखात एकटे वाहत जाते. आत कोणीच नाही.

त्या रात्री मी पडदा बंद केला आणि कपाटावरच्या झाकूकडे पाहिले. भाचा तो इथेच विसरून गेला होता. रिकाम्या यंत्राचा एक अर्थ असाही होतो, की आतला उतरून घरी गेला. भाच्याच्या तक्रारीला हे उत्तर बरे आहे, आता फोनवर त्याला सांगू, असे मनाशी म्हणत मी झाकूवरची धूळ पुसायला तो उचलला. आत काहीतरी खुळखुळले. कानाशी धरून हलवला; छातीतच काहीतरी बारीक, कठीण, इकडून तिकडे जात होते. भाग इतके घट्ट बसले होते की उघडायला गेलो असतो तर मोडलेच असते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन केला. तो क्लासला निघायच्या घाईत होता.

“अरे, तुझ्या झाकूच्या आत काय वाजतंय?”

“तांदूळ आहे,” तो म्हणाला. “शेंगदाणा बसत नव्हता.”